ट्रान्सप्लांटच्या आधी गोळी, नंतर गोळी, की गोळीच नको?

प्रश्न थोडक्यात असा: वय २६, राहणं चिंचवडला. कपाळाचे दोन्ही कोपरे आत गेलेत, भोवऱ्यावर टाळू दिसायला लागलीय. वडिलांना पस्तिशीतच टक्कल पडलं. एका क्लिनिकने केसांच्या ट्रान्सप्लांटसाठी ३५०० ग्राफ्ट (डोक्याच्या मागून उचलून पुढे लावायची केसांची मुळं) सांगितलेत, दिवाळीनंतरची तारीख दिलीय आणि दहा हजार टोकन घेतलंय. पुढच्या मे महिन्यात लग्न. क्लिनिकवाले म्हणतात, ‘एकदा केलं की औषधं लागत नाहीत.’ मित्र म्हणतो, केसगळतीवरच्या फिनास्टराइड गोळीने ‘ताकद’ जाते. मग औषध आधी घ्यायचं, नंतर घ्यायचं, की घ्यायचंच नाही?

मी नाशिकला बावीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतोय, त्यातली चौदा वर्षं ट्रान्सप्लांटही करतो. म्हणजे या शस्त्रक्रियेवर माझंही घर चालतं, हे आधीच सांगून टाकतो. तरी तुमचं वय आणि ग्राफ्टचा आकडा शेजारी शेजारी वाचला आणि पहिला विचार आला तो तारीख पुढे ढकलण्याचा. का, ते सांगतो.

ट्रान्सप्लांटमध्ये नवीन केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागच्या बाजूला, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जी पट्टी असते, तिथल्या मुळांवर डीएचटी या संप्रेरकाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या आजोबांनाही मागे झालर राहिलेली असते. ती मुळं उचलून पुढे लावली, तरी ती आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५०च्या दशकात हे दाखवून दिलं आणि आजही आमचा सगळा धंदा त्याच एका निरीक्षणावर उभा आहे. इगतपुरीकडच्या पेशंटना मी भातलावणीचं उदाहरण देतो: रोपं वाफ्यातली काढून खाचरात लावली, एवढंच. खाचरात आधीपासून जे उभं आहे त्याला कीड लागली असेल, तर ती लावणीने जात नाही.

क्लिनिकवाल्यांचं वाक्य अर्धं खरं ठरतं ते इथे. *लावलेल्या* केसांना औषध लागत नाही. पण त्यांच्या मधले, मागचे, भोवऱ्याभोवतीचे तुमचे स्वतःचे केस डीएचटीच्या तावडीतच राहतात. तुमच्या वयाला ती गळती संपलेली नसते, नुकती सुरू झालेली असते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. मुलगाच म्हणायचा, तिशीचा. टोपी काढायला वेळ लावला. चोविसाव्या वर्षी दुसऱ्या एका शहरात त्याने ट्रान्सप्लांट करून घेतलं होतं, समोरची रेषा शाळकरी पोरासारखी खाली आणलेली. त्या दोन-तीन बोटं रुंदीच्या पट्टीतले केस अजून दाट होते, काम तसं वाईट नव्हतं. पट्टीच्या मागे मात्र सहा वर्षांत सगळं साफ झालं होतं. पुढे कुंपण आणि मागे मोकळं मैदान. ते झाकायला तो रोज सकाळी पुढचे केस मागे वळवून त्यावर काळी पावडर मारायचा, आणि पावसाळ्यात ती पावडर कपाळावरून ओघळायची. कानामागची पट्टी मी भिंगाखाली पाहिली तर तिथेही फारसं शिल्लक नव्हतं, जे होतं ते आधीच खर्च झालेलं. औषधाबद्दल त्याला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्याच्यासाठी मी जे करू शकलो ते थोडंच होतं.

आता हिशेब करा. बहुतेकांच्या मागच्या पट्टीतून आयुष्यभरात सुरक्षितपणे निघणारे ग्राफ्ट साधारण सहा हजारांच्या आसपास असतात, कुणाचे थोडे कमी, कुणाचे थोडे जास्त. तुम्ही सव्विसाव्या वर्षी ३५०० काढणार. म्हणजे निम्म्याहून जास्त ठेव एकाच दिवशी मोडणार, आणि टक्कल शेवटी कुठवर जाणार हे अजून ठरलेलंच नाही. वडिलांकडे पाहिलं तर अंदाज येतो, आणि तो काही हलका नाही.

म्हणून औषध आधी. नुसतं नावाला पंधरा दिवस आधी नव्हे, किमान सहा महिने आणि जमलं तर वर्षभर.

फिनास्टराइड काय करतं ते समजून घ्या, म्हणजे भीती योग्य मापाची राहील. १९७४ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. तिथल्या काही मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एन्झाइम जन्मतःच कमी होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) लहान राहायची आणि त्यांना टक्कल पडत नसे. तेच एन्झाइम गोळीने अडवता येईल का, या विचारातून फिनास्टराइड आलं. अमेरिकेत १९९२ला प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम मंजूर झालं आणि १९९७ला केसांसाठी १ मिलिग्रॅम. या गोळीने रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी उतरतं. टेस्टोस्टेरॉन उतरत नाही, उलट किंचित वाढतं. तुमच्या मित्राला हे नक्की सांगा. मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांत १८ ते ४१ वयाचे १५५३ पुरुष होते. भोवऱ्यावरच्या एक इंच व्यासाच्या वर्तुळातले केस मोजले, तेव्हा वर्षाअखेरीला खरी गोळी घेणारे आणि खोटी, म्हणजे औषधच नसलेली गोळी घेणारे यांच्यात सरासरी १०७ केसांचा फरक होता. भोवऱ्याला गुण चांगला येतो, कपाळाच्या कोपऱ्यांना कमी. शस्त्रक्रियेचं नेमकं उलट असतं. कोपरे ती छान भरते, भोवरा मात्र ग्राफ्ट गिळतो. म्हणून दोन्हींची जोडी जमते: पुढचं सुरीने, मागचं गोळीने.

ट्रान्सप्लांटच्या जोडीला गोळी दिली तर काय होतं, याचाही अभ्यास आहे. २००५ साली ७९ पुरुषांवरचा अभ्यास छापून आला. अर्ध्या लोकांना शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधीपासून नंतरच्या ४८ आठवड्यांपर्यंत फिनास्टराइड, उरलेल्यांना खोटी गोळी. वर्षभराने फोटो पाहिले तर गोळीवाल्या ९४ टक्के लोकांच्या पुढच्या भागात केस वाढलेले दिसले, खोट्या गोळीवाल्या ६७ टक्के लोकांत. शस्त्रक्रिया दोघांचीही झालेली. फरक पडला तो आजूबाजूच्या मूळ केसांमुळे.

आधी घेण्याचं आणखी एक कारण फार कमी जण सांगतात. ग्राफ्ट लावताना टाळूला हजारो बारीक छेद जातात. त्या धक्क्याने शेजारचे मूळ केस दोन-तीन आठवड्यांत गळतात, आम्ही त्याला ‘शॉक लॉस’ म्हणतो. जाड, तगडे केस परत येतात. जे आधीच बारीक होत आलेले असतात, उगवण्याच्या शेवटच्या एक-दोन फेऱ्या उरलेले, त्यातले काही परत येत नाहीत. वर्षभर गोळी घेतलेल्या टाळूवर असे मरणाला टेकलेले केस कमी असतात. मी भिंगाखाली पाहतो तेव्हा एकाच मुळातून आलेले दोन-तीन केस समान जाडीचे दिसले की बरं वाटतं. एक दोऱ्यासारखा आणि शेजारचा कोळिष्टकासारखा, असं सगळीकडे दिसलं तर मी सुरी हातात घेत नाही. हेच मागच्या पट्टीतही दिसत असेल, तर तो माणूस ट्रान्सप्लांटचा पेशंटच नव्हे, मग तो कितीही पैसे घेऊन आलेला असो.

आता ‘ताकद’.

टाळाटाळ न करता आकडे देतो. मूळ चाचण्यांत लैंगिक तक्रारी (इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी येणं) खऱ्या गोळीवर ३.८ टक्के लोकांना झाल्या आणि खोट्या गोळीवर २.१ टक्के लोकांना. म्हणजे शंभरातल्या एक-दोघांना गोळीमुळे होतं. बहुतेकांचं गोळी बंद केल्यावर, काहींचं ती चालू असतानाच बरं होतं. मनाचा वाटाही मोठा आहे. इटलीत २००७ साली प्रोस्टेटच्या पेशंटना हीच गोळी ५ मिलिग्रॅमची दिली. ज्यांना आधी लैंगिक दुष्परिणाम समजावून सांगितले होते त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्के लोकांनी तक्रार केली, ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी सुमारे १५ टक्के. गोळी तीच.

पण ‘सगळं मनाचं आहे’ म्हणून पेशंटला उडवून लावणारे डॉक्टर मला पटत नाहीत. गोळी बंद केल्यावरही तक्रारी राहिल्याच्या नोंदी आहेत, २०१२ मध्ये अमेरिकेतल्या गोळीच्या माहितीपत्रकात तसं लिहावं लागलं. युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. नोंदी बहुतेक १ मिलिग्रॅमच्या, म्हणजे केसांसाठी घेणाऱ्यांच्याच होत्या. हे क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून ज्याला नैराश्याचा त्रास आहे किंवा पूर्वी होऊन गेलाय, त्याला मी ही गोळी लिहून देत नाही. इतरांना सांगतो, घरातल्या एका माणसाला कल्पना द्या. आपण चिडचिडे किंवा गप्प झालोय हे स्वतःच्या आधी आईला कळतं. तसं काही वाटलं तर गोळी त्याच दिवशी बंद करायची आणि मला फोन करायचा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

भीती वाटतच असेल तर कमी मात्रेने सुरुवात होते. टाळूतलं डीएचटी ०.२ मिलिग्रॅमनेही १ मिलिग्रॅमच्या बरंच जवळ उतरतं, त्यामुळे पहिले दोन महिने दिवसाआड दिली तरी फार काही बुडत नाही. शस्त्रक्रियेआधी सहा महिने गोळी घेण्याचा खरा फायदा हाच: ती तुम्हाला सोसते की नाही हे सुरी लागण्याआधी कळतं. नाही सोसली, तर ग्राफ्टचा सगळा आराखडा बदलतो. रेषा वर ठेवायची, भोवऱ्याला हात लावायचा नाही, पुढच्या वीस वर्षांसाठी ठेव राखून ठेवायची. शस्त्रक्रिया झाल्यावर हे कळून उपयोग काय?

तुमचं लग्न आहे, म्हणून आणखी एक. काही पुरुषांत या गोळीने शुक्राणूंची संख्या घटते, बंद केल्यावर सुधारते. सुरू करण्याआधी एकदा वीर्य तपासणी करून रिपोर्ट फाइलला लावून ठेवा. आधीच संख्या कमी असेल तर ही गोळी नकोच. मूल हवं असेल तेव्हा मी दोन-तीन महिने आधी थांबवायला सांगतो, थोडी जास्तच काळजी म्हणा. आणि प्रोस्टेटची ५ मिलिग्रॅमची स्वस्त गोळी आणून स्वयंपाकघरात सुरीने तिचे चार तुकडे करण्याची सवय अनेकांना असते, ती सोडा. ती भुकटी गरोदर बाईच्या हाताला लागता कामा नये, पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. गोळी चालू असेपर्यंत आणि सोडल्यावर महिनाभर रक्तदानही करायचं नाही.

फिनास्टराइडच्याच जातीची ड्युटास्टराइड ही गोळी कुणी सुचवली तर सध्या नको म्हणा. ती जास्त जोरकस आहे, पण शरीरातून जायला महिने लागतात. काही त्रास झालाच तर ‘आज बंद केली’ याला अर्थ राहत नाही.

मिनॉक्सिडिलची गोष्ट वेगळी. ते डीएचटीला हात लावत नाही. मुळात ते रक्तदाबाचं औषध. पेशंटच्या अंगभर केस यायला लागले आणि कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायचं २ टक्क्यांचं द्रावण आलं, नंतर ५ टक्क्यांचं. केसाचा वाढीचा काळ लांबवतं, केस जाड करतं. पुरुषांनी ५ टक्क्यांचं १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर लावायचं. केसांना चोपडून काही होत नाही, ते टाळूला लागलं पाहिजे. खाज सुटली तर दोष बहुतेकदा त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकाचा असतो, फोम वापरून बघा.

सुरू केल्यावर दोन ते आठ आठवडे केस जास्त गळतात. जुने केस नव्यांना जागा देतात, एवढंच. पण म्हणूनच ट्रान्सप्लांटच्या महिनाभर आधी मिनॉक्सिडिल पहिल्यांदा सुरू करू नये. एक गळती औषधाची, दुसरी शॉक लॉसची, आणि आरशासमोर उभ्या माणसाला दोन्हींतलं काहीच उमगत नाही. एकतर चार-सहा महिने आधी सुरू करा, नाहीतर जखमा भरल्यावर. आधीपासून लावत असाल तर शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी मी थांबवतो, रक्तवाहिन्या पसरलेल्या असल्या की टाळू जास्त रक्ताळते. खपल्या पडून टाळू स्वच्छ झाली की, साधारण दोन आठवड्यांनी, परत सुरू. फिनास्टराइड मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशीही चुकवायचं नाही. रक्तस्रावाशी त्याचा संबंध नाही.

हल्ली मिनॉक्सिडिलची कमी मात्रेची गोळीही देतात, केसांसाठी तिला औपचारिक मंजुरी नसली तरी. मीही देतो, पण ईसीजी आणि रक्तदाब पाहून. पायाला सूज, छातीत धडधड आणि मनगटापासून कानापर्यंत नको तिथे केस, हे तिचे उपद्रव. घरात मांजर असेल तर लावायचं द्रावण फार जपून वापरा, मांजराला ते विष आहे. उशीवर सांडलेलंही. लहान बाळाचं डोकं खांद्यावर घेतानाही भान ठेवा. २०१९ मध्ये स्पेनमध्ये बाळांच्या ॲसिडिटीच्या औषधात चुकून मिनॉक्सिडिल गेलं आणि त्यांच्या अंगभर लव उगवली होती.

शस्त्रक्रियेआधी तुम्ही जे जे घेता ते सगळं सांगा. जिमची पावडर, आयुर्वेदिक काढा, सगळं. परीक्षेच्या किंवा स्टेजच्या भीतीसाठी काही जण प्रोप्रॅनोलॉल घेतात आणि ते औषध आहे असं त्यांना वाटतच नाही. टाळू बधिर करताना आम्ही ॲड्रेनलिन टोचतो, त्याच्याशी ते जुळत नाही, रक्तदाब उसळतो. बायोटिनच्या गोड गोळ्यांनी केसांना फारसं काही मिळत नाही, पण थायरॉइडचा रिपोर्ट मात्र खोटा येऊ शकतो. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधीपासून बंद ठेवा.

नंतरच्या काळातला माझा ओळखीचा फोन अठराव्या-विसाव्या दिवशी येतो, रात्री अकराच्या सुमाराला. ‘डॉक्टर, सगळं गेलं.’ मग व्हॉट्सॲपवर फोटो: पांढऱ्या टॉवेलवर अर्धा सेंटिमीटरचे केस, टोकाला पांढरा ठिपका. त्या ठिपक्याला लोक मूळ समजतात. ते मूळ नसतं, मूळ आत बसलेलं असतं. ग्राफ्ट साधारण नऊ-दहा दिवसांत टाळूत पक्का होतो. त्याआधी तो निघाला तर तिथून रक्त येतं. रक्त नाही, तर ग्राफ्ट जागेवर आहे. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी नवे डोकं वर काढतात, सहाव्या महिन्याला निम्मे-अर्धे दिसतात, वर्षाला बहुतेक सगळे. भोवऱ्यावर दीड वर्षही लागतं. या मधल्या ओसाड महिन्यांत ‘औषधाचा काही उपयोग नाही’ म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ. गोळी सोडली की लावलेले केस राहतात, वाचवलेले जातात. तेही लगेच नाही, सहा ते बारा महिन्यांत, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड कुणाला लागत नाही. मिनॉक्सिडिल सोडलं तर तीन-चार महिन्यांतच.

किती वर्षं घ्यायची? मूळ केस हवेत तोवर. पंचेचाळिशीनंतर बसून पुन्हा ठरवू, काहींची मात्रा कमी होते, काही आपणहून सोडतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. पन्नाशीत प्रोस्टेटची पीएसए तपासणी कराल तेव्हा ही गोळी चालू आहे हे सांगायला विसरू नका, तिने आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. फसवा निम्मा.

आता मे महिन्याचं लग्न. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया केली तर लग्नाला जेमतेम सहा महिने होतील. फोटोत अर्धवट उगवलेलं डोकं येईल, शॉक लॉस झाला असेल तर आत्तापेक्षा विरळही. उलट आता आषाढ सुरू आहे. तपासण्या करून आजच्या घडीला औषध सुरू केलं तर मेपर्यंत दहा महिने होतात. भोवरा सुधारलेला दिसेल, गळती थांबलेली असेल, कोपरे मात्र तसेच राहतील. कोपऱ्यांची काळजी करू नका, लग्नात फेटा असतोच. मुलीला औषधाबद्दल आधी सांगा. पुढे मुलाबाळांचा विषय तिच्याशीच बोलायचाय.

लग्नानंतर मला किंवा दुसऱ्या कुणाही पात्र त्वचारोगतज्ज्ञाला, प्लास्टिक सर्जनला दाखवा. ग्राफ्ट कोण काढणार आणि छेद कोण देणार हे नाव घेऊन विचारा, नुसतं ‘आमची टीम’ हे उत्तर घेऊ नका. तेव्हा कदाचित ३५००च्या जागी दीड-दोन हजारांत भागेल. तोवर दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच बाथरूमच्या त्याच दिव्याखाली, केस ओले करून चार फोटो काढत जा: समोरून, दोन्ही कोपरे, भोवरा. आणि टोकन परत देत नसतील तर भांडत बसू नका, तारीख पुढच्या दिवाळीची मागून घ्या. बहुतेक जण देतात.